बाळाचं पोट आणि आईचं ताट

“काल काय खाल्लं होतंस गं?” दीड महिन्याच्या बाळानं संध्याकाळी रडून घर डोक्यावर घेतलं, की पहिला प्रश्न बाळंतिणीकडे येतो. वालाची उसळ? फ्लॉवर? हरभऱ्याची डाळ? उत्तर काहीही असो, दुसऱ्या दिवशी ताटातला एक पदार्थ कमी होतो. अशी काटछाट होत होत काही घरांत बाळंतीण मऊ भात, तूप आणि मेथीच्या लाडवांवर दिवस काढते. बाळ मात्र संध्याकाळ झाली की पाय पोटाशी घेऊन रडतंच. या रडण्याचा आईच्या ताटाशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो. ते कळायचं, तर बाळाच्या पोटात वायू येतो कुठून हे आधी पाहायला हवं.

वाटा दोन. पहिली तोंडाची. गर्भात असताना आतड्यात हवेचा मागमूस नसतो. जन्मानंतरच्या पहिल्या श्वासांबरोबर ती जठरात उतरते आणि साधारण एका दिवसात आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचते. नवजात बाळाच्या पोटाच्या एक्स-रेत ही वाटचाल दिसते. हवा मध्येच थबकली असेल, तर तिथे अडथळा आहे का, याचा अंदाज डॉक्टरांना त्यावरून येतो. पुढे दूध पिताना आणि रडतानाही बाळ हवा गिळत राहतं.

दुसरी वाट मोठ्या आतड्यातली, आणि खरी गंमत इथे आहे. आईच्या 100 मिलिलिटर दुधात सुमारे 7 ग्रॅम लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर असते. कोवळ्या आतड्याला ती सगळी पचवता येत नाही. उरलेली मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. शिवाय आईच्या दुधात ऑलिगोसॅकराइड नावाच्या लांब साखळीच्या शर्करा भरपूर असतात. लॅक्टोज आणि स्निग्धांशानंतर दुधातल्या घन घटकांत त्यांचाच क्रमांक लागतो, आणि बाळाला त्या जवळजवळ पचतच नाहीत. त्या असतात बायफिडोबॅक्टेरियम जातीच्या जिवाणूंसाठी. हे जिवाणू वाढले की आतड्यात आम्लता येते आणि रोगजंतूंना तिथे सहज थारा मिळत नाही. म्हणजे निसर्गानं आईच्या दुधात बाळाबरोबर त्याच्या पोटातल्या पाहुण्यांचाही शिधा बांधून दिला आहे. अंगावर पिणारं बाळ दिवसातून कितीतरी वेळा वारा सोडतं, तो या चांगल्या कामाचाच भाग.

आता ताटाकडे येऊ. वालात, हरभऱ्यात रॅफिनोजसारख्या शर्करा असतात. त्या आईच्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या हाती लागतात आणि आईला गॅस होतो. पण जे पचलं नाही ते रक्तात शिरत नाही, आणि दूध तयार होतं ते रक्तातून आलेल्या घटकांपासून. वायूचा थोडा अंश रक्तात विरघळतो, तोही फुप्फुसांतून श्वासावाटे निघून जातो. दुधात उतरतात ते वास आणि चवी. अमेरिकेत ज्युली मेनेला आणि गॅरी बोशॅम या संशोधकांनी आयांना लसणाच्या कॅप्सूल देऊन पाहिल्या. त्यांचा अभ्यास 1991 साली प्रसिद्ध झाला. दुधाला लसणाचा वास आला, आणि बाळं नेहमीपेक्षा जास्त वेळ अंगावर राहिली!

महत्त्वाचा अपवाद गाई-म्हशीच्या दुधातल्या प्रथिनांचा. ती आईच्या दुधात उतरू शकतात आणि काही थोड्या बाळांना त्यांची ॲलर्जी असते. शीतून रक्त किंवा आव पडणं, अंगावर इसब उठणं, वजन न वाढणं अशा खुणा दिसल्या, तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं आईनं काही आठवडे दूध-दही बंद करून पाहावं. डाळी आणि भाज्या बंद करायचं कारण तिथेही नाही. बाळंतपणात रक्त गेलेलं, अंगावर पाजणं चालू, अशा बाईच्या ताटातून डाळ आणि पालेभाजी काढून घेणं हा तिच्यावर उघड अन्याय आहे.

मग बाळ रडतं कशानं? अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ मॉरिस वेसल यांनी 1954 साली अशा रडण्याची व्याख्या केली: दिवसाला 3 तासांहून जास्त, आठवड्यात 3 दिवसांहून जास्त, आणि हे 3 आठवड्यांहून अधिक काळ. 1962 मध्ये बेरी ब्रेझल्टन यांनी 80 बाळांच्या आयांना रडण्याच्या नोंदी ठेवायला सांगितल्या. निरोगी बाळांचं रडणंही सहाव्या आठवड्याच्या सुमारास शिगेला पोचतं, संध्याकाळी वाढतं आणि पुढे आपोआप उतरतं, असं त्यातून दिसलं. इंग्लंडमधल्या वॉरिक विद्यापीठाच्या डीटर वोल्के यांनी 2017 मध्ये अनेक देशांतल्या 28 अभ्यासांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हाही पहिल्या सहा आठवड्यांत दिवसाला सरासरी दोन तासांच्या आसपास आणि बाराव्या आठवड्याला सुमारे 68 मिनिटं, असाच उतार दिसला.

मला सर्वांत पटणारा पुरावा मुदतीआधी जन्मलेल्या बाळांचा आहे. त्यांच्या रडण्याचा कळस जन्मापासून सहा आठवड्यांनी येत नाही. प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून सहा आठवड्यांनी येतो. दूध तर ती बाळं कधीचीच पीत असतात. म्हणजे या रडण्याचं घड्याळ पोटात कमी आणि वाढत्या मेंदूत जास्त असावं. शिवाय रडण्याच्या भरात काढलेल्या एक्स-रेत जठर फुगलेलं आढळलेलं नाही. पाय पोटाशी घेणं, चेहरा लालबुंद होणं, पोट टणक लागणं, मुठी वळणं ही जोरात रडणाऱ्या कुठल्याही बाळाची लक्षणं आहेत, कारण रडताना पोटाचे स्नायू आवळले जातात. भरपूर रडून झाल्यावर वारा सरतो, तो बऱ्याचदा रडताना गिळलेल्या हवेचा असतो. आपण परिणामाला कारण समजून बसतो.

म्हणूनच औषधांचा गुण फारसा दिसत नाही. घरोघरी असणाऱ्या थेंबांतलं सिमेथिकोन लहान बुडबुड्यांचा पृष्ठताण कमी करून ते एकत्र आणतं. ते रक्तात शोषलं जात नाही, त्यामुळे सहसा अपायही करत नाही. पण 1994 साली प्रसिद्ध झालेल्या 83 बाळांवरच्या चाचणीत ते औषध नसलेल्या थेंबांपेक्षा सरस ठरलं नाही. ग्राइप वॉटर 1851 मध्ये इंग्लंडात नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी बनवलं. दलदलीच्या मुलखातल्या हिवतापावरच्या औषधावरून त्यांना ते सुचलं होतं. त्यात शेपूचं तेल, खाण्याचा सोडा, साखर आणि 3.6 टक्के अल्कोहोल होतं! अल्कोहोल पुढे काढलं गेलं. खरी भीती डायसायक्लोमिनची आहे. पोटदुखीच्या काही थेंबांत ते असतं, आणि सहा महिन्यांखालच्या बाळाचा श्वास त्यानं अडखळू शकतो, म्हणून या वयात ते निषिद्ध आहे. बाटलीवरचं नाव वाचल्याशिवाय, शेजारणीनं सांगितलं म्हणून, कुठलेही थेंब देऊ नका.

गुटीबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, मुरडशेंग, हळकुंड यांमागे आजीची माया असते, याबद्दल शंका नाही. पण वेखंडातलं बीटा-एसारोन हे द्रव्य सुरक्षित मानलं जात नाही, सहाण आणि पाणी निर्जंतुक नसतं, आणि चाटण मधातून दिलं तर बॉट्युलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. वर्षाच्या आत मध नकोच. बेंबीभोवती हिंगाचा लेप पोटात जात नाही. कोवळी त्वचा चुरचुरणार नाही एवढं पाहावं.

अंगावर पिणाऱ्या बाळांसाठी लॅक्टोबॅसिलस र्‍युटेरी या जिवाणूच्या थेंबांचा मात्र काही उपयोग दिसला आहे. 345 बाळांच्या एकत्रित आकडेवारीत, 2018 साली, त्यांचं रडणं कमी झालेलं आढळलं. वरच्या दुधावरच्या बाळांत तसा लाभ सिद्ध झाला नाही. तेही डॉक्टरांना विचारूनच.

ढेकर काढावी का? चंदीगडच्या पीजीआय या संस्थेच्या संशोधकांनी 71 माय-लेकरांच्या जोड्यांवर चाचणी केली. ती 2015 मध्ये प्रसिद्ध झाली. ढेकर काढल्यानं कळवळून रडणं लक्षणीय कमी झालं नाही, उलट दूध वर येण्याचं प्रमाण वाढलं. त्यामुळे बाळाला खांद्यावर घ्यावं, हलका हात फिरवावा, पण ढेकर आली नाही म्हणून झोपलेल्या बाळाला थोपटत अर्धा तास उभं राहायची गरज नाही.

त्यापेक्षा पिण्याकडे नीट पाहावं. बाळाच्या तोंडात नुसतं स्तनाग्र नको, भोवतालचा काळा भागही बराचसा हवा. खालचा ओठ बाहेर वळलेला आणि हनुवटी स्तनाला टेकलेली. चांगलं पिणारं बाळ दोन-तीनदा चोखतं, गिळतं, जरा थांबतं. “चट् चट्” असा आवाज येत असेल, तर पकड सुटतेय आणि हवा आत जातेय. बोट तोंडाच्या कडेनं घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. वरचं दूध असेल तर ते फेसाळेपर्यंत हलवू नये.

काही बाळं शीच्या आधी दहा-वीस मिनिटं कुंथतात, लाल होतात, रडतात आणि मग मऊ शी करतात. ही बद्धकोष्ठता नव्हे. पोटानं जोर लावताना खालचे स्नायू सैल सोडायचे असतात, हा मेळ त्यांना अजून जमलेला नसतो. पाय सायकलसारखे हलवावेत, घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं पोटावर हात फिरवावा. साबणाची कांडी घालू नये.

आणि उचलून घ्यावं. “हाताची सवय लागेल” हा धाक या वयात अनाठायी आहे. जपानमधल्या रिकेन संस्थेच्या कुमी कुरोदा आणि सहकाऱ्यांनी 2022 मध्ये 21 बाळांच्या हृदयाचे ठोके मोजत प्रयोग केला. कडेवर घेऊन पाच मिनिटं न थांबता चाललं, की रडणारी बाळं शांत झाली आणि जवळपास निम्मी झोपलीही. झोपलेल्या बाळाला लगेच खाली ठेवलं तर ते जागं होतं, म्हणून पाच ते आठ मिनिटं मांडीवर घेऊन बसावं, मग पाठीवर निजवावं. हे काम बाबा, आजोबा, कुणीही करू शकतं, आणि संध्याकाळी ते त्यांनीच करावं. सगळ्यांचाच धीर सुटला, तर बाळाला सुरक्षित ठिकाणी ठेवून मिनिटभर बाहेर जावं. त्याला गदगदा हलवणं जिवावर बेतू शकतं.

मात्र हिरवी उलटी, शीतून रक्त, फुगून ताणलेलं पोट, पिणं सोडणं, मलूल पडणं, तीन महिन्यांच्या आत 38 अंश सेल्सिअस किंवा जास्त ताप, यांतलं काहीही दिसलं तर गॅस म्हणून शेकत बसू नये. त्याच रात्री दवाखाना गाठावा. एरवी न रडणारं बाळ एकाएकी रडू लागलं आणि थांबेना, तर कपडे उतरवून जांघेत सूज आहे का पाहावं. पायाची बोटंही एकेक करून पाहावीत. बाळंतिणीचे केस याच दिवसांत गळतात, आणि मोज्यात अडकलेला एखादा केस बोटाला करकचून गुंडाळला गेलेला असू शकतो.