पेनड्राइव्हचा पोटमाळा

दिवाळी जवळ आली की घरोघरी माळे उपसले जातात. मोडके आकाशकंदील, कल्हई उडालेली पातेली, जुन्या वह्या यांची एकदा विचारपूस होते आणि निम्मे सामान पुन्हा वरच जाऊन बसते. हल्ली बहुतेक घरांत आणखी एक माळा असतो. तो बोटाएवढा असून किल्ल्यांच्या जुडग्याला लोंबत असतो. त्याचे नाव पेनड्राइव्ह!

बारामतीच्या जळोचीत माझी धाकटी बहीण राहते. भाचा पुण्यास नोकरीला. त्याचा संगणक अ‍ॅपलचा, म्हणजे मॅक. बहिणीच्या घरचा विंडोजचा. भाच्याने आपला जुना, १६ जीबीचा पेनड्राइव्ह आईला दिला. तीत भाचीच्या लग्नाची फिल्म घालायला जावे, तर 'जागा नाही'! आत पाहावे, तर कैलासवासी मामंजींच्या भजनांचा एकच फोल्डर, जेमतेम ३ जीबीचा.

"दादा, दुकानदार म्हणतो फॉर्मॅट मारा, सगळं मोकळं होईल. मारू का?" बहिणीने विचारले.

मी म्हटले, "थांब. आधी माळ्यावर काय आहे ते पाहू."

मौज अशी आहे की १६ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजवर १४.९ जीबीच दिसतो. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या. त्यात फसवणूक काही नाही. पण बाकीचे बारा जीबी कुठे गेले?

त्याचे उत्तर मॅकच्या स्वभावात आहे. मॅकवर पेनड्राइव्हमधली फाइल काढून टाकली, तरी ती लगेच जात नाही. पेनड्राइव्हमध्येच एक गुप्त कचरापेटी असते, तीत ती जाऊन पडते. पेटीचे नाव आधी टिंब आणि पुढे 'ट्रॅशेस'. पेनड्राइव्ह लावलेला असतानाच मॅकवरची कचरापेटी रिकामी केली, तर जागा सुटते. एरवी तो केर पेनड्राइव्हबरोबर गावोगाव हिंडतो, आणि विंडोजला तो सहसा दाखवतच नाही.

विंडोज ११ मध्ये 'व्ह्यू', मग 'शो', मग 'हिडन आयटम्स' असे निवडले की पडदा सरकतो. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू'खालीच ती खूण आहे. आम्ही तसे केले. ट्रॅशेसच्या आत '५०१' नावाचा फोल्डर निघाला. मॅकवरच्या पहिल्या माणसाचा हा क्रमांक. त्यात जुने सिनेमे होते, कॉलेजचे कागद होते, आणि त्यांच्याखाली मामंजींची आणखी चार भजने! घरात ती कायमची गेली असे धरून सारे बसले होते. संगणकातून म्हाताऱ्याचा खणखणीत आवाज आला, तेव्हा बहिणीने पदर डोळ्यांना लावला. दुकानदाराचा सल्ला ऐकला असता तर?

म्हणून वाचकहो, क्रम ध्यानात ठेवा. प्रथम जे हवे ते संगणकावर उतरवून घ्या आणि तिथे उघडून पाहा. मगच ट्रॅशेस काढून टाका. विंडोजवर पेनड्राइव्हमधून काढलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती थेट जाते. तेव्हा हात जपून चालवा. शेवटी 'इजेक्ट' करूनच पेनड्राइव्ह उपसा.

फॉर्मॅट करायचेच झाले, तर 'एक्सफॅट' निवडावे. मॅक आणि विंडोज दोघांनाही ते चालते. जुन्या 'फॅट ३२' मध्ये ४ जीबीची एक फाइल मावत नाही, मग लग्नाची फिल्म बसायची कशी?

आणखी एक. ज्या फ्लॅश स्मृतीवर हा पेनड्राइव्ह चालतो, ती तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८४ साली जगापुढे मांडली. तिच्यातले गटच्या गट कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखे क्षणात पुसता येतात, म्हणून तिला ते नाव मिळाले. क्षणात पुसण्याचा गुण ज्या वस्तूच्या नावातच आहे, तिच्यावर वडीलधाऱ्यांचा आवाज एकट्याने सोडू नये. त्याची दुसरी प्रत घरात, आणि तिसरी लेकीच्या घरी असावी.