आणखी फौज की माघार : व्हिएतनाम, १९६८

जानेवारी १९६८च्या अखेरीस, टेट या व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, उत्तर व्हिएतनामच्या बाजूने लढणाऱ्या कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनाममधील शंभराहून अधिक शहरांवर आणि गावांवर हल्ले चढवले. दक्षिणेची राजधानी सायगावच्या अमेरिकी दूतावासाच्या आवारातही हल्लेखोर घुसले. हल्ला मोडून काढला गेला, पण युद्ध जिंकत आल्याचा सरकारी दावा अमेरिकेत घरोघरी टीव्हीवर उघडा पडला.

तेव्हा तेथे सुमारे पाच लाख अमेरिकी सैनिक होते. सेनाधिकाऱ्यांनी आणखी २,०६,००० मागितले. नवे संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड हे युद्धाचे समर्थक मानले जात. त्यांनी सेनाधिकाऱ्यांना साधे प्रश्न विचारले : एवढी कुमक पुरेल का? शत्रूनेही फौज वाढवली तर? विजय किती दिवसांत? खात्रीचे उत्तर एकाचेही मिळाले नाही. खरे तर हे प्रश्न १९६५मध्येच, पहिल्या मोठ्या तुकड्या पाठवताना, धसास लावायला हवे होते.

३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी उत्तर व्हिएतनामच्या बहुतांश भागावरील बॉम्बफेक थांबवली आणि पुन्हा निवडणूक न लढवण्याचे जाहीर केले. मागितलेली कुमक मिळाली नाही, पण माघारही लगेच झाली नाही. ती पुढचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात, १९६९पासून, टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि तोवर मनुष्यहानी चालूच राहिली. युद्धात मेलेल्या ५८,००० अमेरिकी सैनिकांपैकी निम्म्याहून अधिक १९६८ किंवा त्यानंतर मेले; व्हिएतनामी मृतांची संख्या कित्येक लाखांत जाते. अखेरच्या लढाऊ तुकड्या मार्च १९७३पर्यंत परतल्या. ३० एप्रिल १९७५ रोजी सायगाव पडले.