गुरूची गादी ग्रंथाकडे

शीख कोण, असं विचारलं की डोळ्यांपुढे आधी पगडी येते, मग दाढी, कडं, कृपाण. या खुणा खऱ्याच आहेत, पण त्यांच्यावरून उत्तर मिळत नाही, हे नामधारींकडे पाहिलं की कळतं. लुधियाना जिल्ह्यातलं भैणी साहिब हे त्यांचं मुख्य ठाणं. नामधारी केस कापत नाहीत, कपाळावर आडवी सरळ येणारी पांढरीशुभ्र पगडी बांधतात, मांस-दारूला शिवत नाहीत, आणि रागदारीतलं कीर्तन त्यांनी जिवापाड जपलं आहे. १८७२ साली मालेरकोटल्यावर चालून गेलेल्या साठाहून अधिक नामधारींचा इंग्रजांनी जीव घेतला, बहुतेकांना तोफेच्या तोंडी देऊन. त्यांचे सतगुरू रामसिंह यांना रंगूनला हद्दपार केलं. वेशात, आचारात, त्यागात ही माणसं कुठंच कमी नाहीत आणि स्वतःला शीखच म्हणवतात. तरी त्यांना आपलं म्हणताना मुख्य प्रवाहातले शीख अडखळतात. कारण एकच: नामधारी आजही देहधारी गुरू मानतात. माझ्या मते शीख ओळखीचा कणा याच प्रश्नात आहे. गुरू कोण, हे ठरलं की शीख कोण, हे ठरतं.

कायद्याची भाषाही हेच सांगते. १९२५ च्या शीख गुरुद्वारा कायद्यात, एखाद्याच्या शीख असण्याबद्दल शंका आली तर त्यानं करायची प्रतिज्ञा दिली आहे: गुरू ग्रंथसाहिबवर माझा विश्वास आहे, दहा गुरूंवर विश्वास आहे, मला दुसरा धर्म नाही. त्यात केसांचा शब्दही नाही. १९४५ साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीनं मान्य केलेल्या रहित मर्यादेनं त्यात एका अकाल पुरखावरची, म्हणजे ईश्वरावरची, श्रद्धा आणि दशम गुरूंनी दिलेलं अमृत, म्हणजे दीक्षा, यांची भर घातली. न कापलेले केस ही अट १९७१ च्या दिल्लीच्या कायद्यात आली, आणि २०१६ च्या दुरुस्तीनं सहजधारींचा, म्हणजे केस न राखणाऱ्यांचा, शिरोमणी कमिटीच्या निवडणुकीतला मतदानाचा हक्क गेला. केस राखणं ही शिखांची प्राणप्रिय शिस्त आहे, तिचं मोल कमी करण्याचा प्रश्नच नाही. पण व्याख्येचा सगळा भार एकट्या केसांवर टाकला तर नामधारी आत येतात आणि ग्रंथापुढे मनोभावे माथा टेकणारा सहजधारी बाहेर जातो. ही उलटापालट मला पटत नाही.

आता देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, या भूमिकेवरचा पहिला आक्षेप. दहा गुरू हाडामांसाची माणसंच होती ना? मग अकरावा का नको? याचं उत्तर त्या दहांच्याच इतिहासात आहे. जवळजवळ प्रत्येक पिढीत गादीवरून तंटा झाला. गुरू अर्जनदेवांना थोरला भाऊ पृथीचंद याचा विरोध सोसावा लागला. आठवे गुरू हरकिशन १६६४ साली दिल्लीत वारले, तेव्हा पुढचा गुरू बकाल्यात आहे एवढाच संकेत मागे राहिला. परंपरा सांगते की बकाल्यात तब्बल बावीस जण गादी मांडून बसले. गुरूंच्या वतीनं दसवंध, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा, गोळा करणारे मसंद पुढे स्वतःच मालक झाले, आणि दहावे गुरू गोविंदसिंह यांना ती व्यवस्थाच मोडावी लागली. माणसाकडे गादी गेली की तिच्याभोवती घराणं, पैसा आणि दावेदार कसे गोळा होतात, हे त्यांनी आपल्याच घरात पाहिलं होतं. १६९९ च्या बैसाखीला त्यांनी पाच प्याऱ्यांना अमृत दिलं, आणि मग त्या पाचांपुढे उभं राहून स्वतः अमृत घेतलं. गुरूनं शिष्यांचं शिष्य होणं, हे गादी सोडण्याचं पहिलं पाऊल होतं. दुसरं पाऊल ऑक्टोबर १७०८ मध्ये नांदेडला, गोदावरीकाठी, पडलं. तिथं त्यांनी गुरुपद ग्रंथाला दिलं.

नामधारींना हे मान्य नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे दशम गुरू नांदेडला वारलेच नाहीत. ते अजापालसिंह या नावानं १८१२ पर्यंत जगले आणि गुरुपद रामसिंहांच्या आधीचे सतगुरू बालकसिंह यांना देऊन गेले. याउलट कवी सैनापतीच्या 'गुरशोभा' या ग्रंथात, जो त्या घटनेनंतर थोड्याच वर्षांत रचला गेला असं मानतात, खालसा, म्हणजे अमृतधारी समाज, आणि शब्द, म्हणजे गुरुवाणी, यांनाच पुढचं गुरुपण दिलं आहे. मला हा पुरावा अधिक वजनाचा वाटतो. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानंही २००० साली गुरू ग्रंथसाहिब ही कायद्याच्या दृष्टीनं 'व्यक्ती' असल्याचं मान्य केलं. श्रद्धेचा निवाडा कोर्टात होत नाही, हे खरं. पण तीनशे वर्षं समाज ज्याच्याशी जिवंत गुरूसारखा वागत आला, त्या वागण्याची ती नोंद आहे.

अशा व्याख्यांतून माणसं तुटतात, हा आक्षेप मात्र जिव्हारी लागणारा आहे. १३ एप्रिल १९७८ ला अमृतसरमध्ये, देहधारी गुरू मानणाऱ्या संत निरंकारींच्या मेळाव्याविरुद्ध निघालेल्या मोर्च्यातले तेरा शीख मारले गेले. दोन वर्षांनी निरंकारींचे प्रमुख गुरबचनसिंह यांची दिल्लीत हत्या झाली. दोन्हीकडचं ते रक्त व्यर्थ सांडलं. समाजाला आपली व्याख्या करण्याचा हक्क आहे. व्याख्येबाहेरच्याला जगू न देण्याचा हक्क कुणालाच नाही.

उरला तो सर्वांत अवघड आक्षेप: ग्रंथ बोलत नाही, त्याचा अर्थ माणूसच सांगतो, आणि सांगणारा हळूहळू गुरू होतो. पंजाबातल्या अनेक डेऱ्यांकडे, म्हणजे बाबांभोवती वाढलेल्या मठांकडे, पाहिलं तर यात तथ्य आहे. पण पंथानं यावर काय उपाय केला, तो पाहण्यासारखा आहे. पहाटे ग्रंथाचा प्रकाश होतो, म्हणजे तो विधिपूर्वक उघडला जातो, त्यावरचा रुमाला बाजूला सारला जातो, १४३० पानांतलं एक पान कुठलंही ठरवून न घेता उघडलं जातं. या पानांना पान न म्हणता 'अंग' म्हणतात. डाव्या अंगावरच्या सर्वांत वरच्या पदापासून वाचायचं. ते पद मागच्या अंगावर सुरू झालं असेल तर अंग उलटून पहिल्या ओळीपासून. तोच त्या दिवसाचा हुकूम. वाचणाऱ्याला पद निवडता येत नाही. नानकांचं येईल, कबिरांचं येईल, आपल्या नामदेवांच्या ६१ पदांतलंही येईल. रहित मर्यादेप्रमाणे कुणीही शीख, बाई असो वा पुरुष, तिथं बसून वाचू शकतो. रात्री ग्रंथ डोक्यावर घेऊन सुखासनाला, म्हणजे विश्रांतीला, नेला जातो, आणि सकाळी ग्रंथामागे बसून ज्यानं हुकूम वाचला होता, तोही आता इतरांच्या रांगेत अनवाणी उभा राहून माथा टेकतो.