राजूर घाटाचा हिशोब

बुलढाणा डोंगरावर, मलकापूर खाली सपाटीला, आणि मधे राजूर घाट. मलकापूरला रेल्वे धरायची तर हा घाट उतरावाच लागतो. मे महिन्याच्या दुपारी घाट संपवून मोताळ्याकडे लागलं की पुढच्या एखाद्या जुन्या गाडीच्या चाकांतून करपल्याचा वास येतो. तो वास आला की माझ्या पोटात गोळा येतो. आमच्या घरच्या अठरा वर्षांच्या गाडीला तो एकदा आला होता, आणि पाठोपाठ ब्रेकचं पेडल मऊ पडून तळाशी गेलं होतं. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती म्हणून सावकाश कडेला घेता आली. ब्रेक पॅड तर महिन्याभरापूर्वीच नवे टाकले होते.

आधी घाटाचा हिशोब पाहू. हजार किलोची गाडी १०० मीटर खाली उतरते तेव्हा जेवढी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, तेवढ्यात तीच गाडी ताशी ८० च्या वेगावरून चार वेळा पूर्ण थांबवता येते. इंजिनाने त्यातला वाटा उचलला नाही, तर बहुतेक उष्णता ब्रेकमध्ये जाते, आणि तिचा मोठा वाटा पुढच्या दोन डिस्कना सोसावा लागतो. गावातल्या रस्त्यावर ब्रेक छान लागतात, यावरून घाटात काय होईल ते कळत नाही.

दुकानदार विचारतो, ‘भाऊ, कंपनीचे देऊ की लोकल?’ पॅड कशाचा बनलाय, हे मात्र कुणी विचारत नाही. ढोबळमानाने तीन जाती आहेत. ऑरगॅनिक पॅडमध्ये तंतू, रबर आणि रेझिन असतं. तो आवाज करत नाही, डिस्क जपतो, थंड असतानाही लगेच पकडतो. पण फार तापला की रेझिन जळू लागतं आणि पकड सुटते. सेमी-मेटॅलिकमध्ये लोखंडाचा चुरा आणि तंतू भरपूर असतात. तो उष्णता सोसतो, पण कुरकुरतो आणि डिस्क खातो. सिरॅमिक महाग, स्वच्छ आणि शांत. जुन्या छोट्या गाडीला माझं मत सरळ आहे: गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलला ठरवलेल्या जातीचाच पॅड, नामांकित उत्पादकाचा, पावतीसह घ्यावा. आठवड्यातून दोनदा भरल्या गाडीने घाट उतरणाऱ्याने त्याच मॉडेलसाठी बनवलेला सेमी-मेटॅलिक जरूर घ्यावा, पण डिस्क लवकर बदलावी लागेल हे धरून.

काही पॅडच्या पाठीवर ‘एफएफ’ किंवा ‘ईई’ अशी दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर साधारण तापमानातली पकड सांगतं, दुसरं तापल्यावरची. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५. घाटवाल्याने दुसरं अक्षर आधी पाहावं. ते पहिल्यापेक्षा खालचं असेल तर तापल्यावर पकड कमी होणार.

पॅड आणि डिस्क म्हणजे जात्याच्या दोन तळ्या. एक नवी आणि दुसरी खड्ड्यांची असेल तर दळण नीट पडत नाही. डिस्कवर किंवा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात तिची किमान जाडी दिलेली असते. मिस्त्रीला मायक्रोमीटरने मोजायला लावा. त्या आकड्याच्या जवळ आलेली डिस्क लेथवर घासून घेण्यात अर्थ नाही, कारण पातळ डिस्क कमी उष्णता साठवते आणि लवकर तापते. बदलायची तर डावी-उजवी जोडीनेच, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. भोकं पाडलेल्या चकचकीत डिस्कचा मोह टाळा. भोकांपासून तडे जातात, आणि साध्या गाडीला त्यातून हाती फारसं काही लागत नाही. ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरलं की ‘डिस्क वाकली’ म्हणतात. बऱ्याचदा डिस्कची जाडी जागोजागी कमी-जास्त झालेली असते, किंवा नवी डिस्क बसवताना हबवरचा गंज साफ केलेला नसतो. काळ्या मातीचा चिखल आणि उन्हाळ्यातला फुफाटा यांनी कॅलिपरच्या पिना जाम होतात. मग एकच पॅड झिजत राहतो. पिना साफ करून त्यांचं खास ग्रीस लावायला गॅरेजमध्ये उभं राहून सांगावं. मागच्या ड्रममधले लायनरही त्याच वेळी उघडून पाहावेत.

आता आमचं पेडल का बसलं ते सांगतो. पॅड करपतात तेव्हा पेडल कडकच राहतं, फक्त गाडी थांबत नाही. पेडल मऊ पडलं तर ब्रेक ऑइल उकळून त्यात वाफ झालेली असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या ऑइलसाठी ही मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ला हेच आकडे २३० आणि १५५. आमच्या गाडीतलं ऑइल कितीतरी वर्षं बदललंच नव्हतं. पॅडवर पैसे गेले, आणि दर दोन वर्षांनी बदलायचं स्वस्त ऑइल राहिलं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात कधीच मिसळू नये.

समृद्धी महामार्गावर प्रश्न वेगळा आहे. मेहकरला चढून मोकळा रस्ता दिसला की जुनी गाडीही पळवावीशी वाटते. ताशी १२० वरून थांबायला ८० च्या सव्वादोन पट ऊर्जा जिरवावी लागते. त्यातून ज्या जुन्या गाड्यांना एबीएस नाही, त्यांचं चाक जोरात ब्रेक दाबताच लॉक होतं. अशा गाडीला मी ८० च्या पुढे नेत नाही.

घाटात गाडी न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरवणारे अजूनही भेटतात. पेट्रोल वाचतं अशी त्यांची समजूत. इंजिन बंद झालं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-तीन दाबांत संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेक सतत टेकवून ठेवू नका. दाबा, वेग उतरवा, सोडा. खाली आल्यावर तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, तडकते.

नवे पॅड टाकल्याच्या दिवशी तर घाटात जाऊच नका. मी भल्या पहाटे, रस्ता मोकळा असताना, चिखली रस्त्यावर जातो. मागे कुणी नाही हे पाहून ५०-६० वरून १५-२० पर्यंत, गाडी पूर्ण न थांबवता, आठ-दहा वेळा वेग उतरवतो, आणि मग चार-पाच किलोमीटर ब्रेकला पाय न लावता गाडी चालवून डिस्क गार होऊ देतो. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसतो. उजाडल्यावर चाकाच्या आरपार पाहिलं की डिस्कवर एकसारखी राखाडी छटा दिसते. ती दिसली की राजूर घाटाकडे गाडी वळवतो.