मोटार बुटकी करताना

मोटार जमिनीलगत आणली की तिचा गुरुत्वमध्य खाली येतो व वळणावर ती कमी कलते. त्यासाठी हौशी मंडळी आखूड स्प्रिंगा बसवितात. (खरे कारण रुबाब, पण ते कोण कबूल करणार?) मात्र स्प्रिंग नुसती आखूड असून भागत नाही. दबायला जागा कमी उरते, म्हणून ती मूळच्यापेक्षा ताठही हवी. नाहीतर लहानशा खड्ड्यातही पूर्ण दबून गाडी आदळते. मूळ स्प्रिंगचेच वेढे कापणे स्वस्त खरे, पण कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळताच स्प्रिंग निसटू शकते. दाबलेली स्प्रिंग दाबयंत्राशिवाय सोडविणे तर जिवावरचा खेळ. बसविल्यावर व्हील अलाइनमेंट करावेच लागते.

आता हिशेब आपल्या यवतमाळचा. साध्या मोटारीखाली 16-17 सेंटिमीटर जागा असते. त्यातले 4 स्प्रिंगने गेले, पाच जण बसले की आणखी काही गेले. गतिरोधकाची प्रमाण उंचीच 10 सेंटिमीटर! शिवाय कापसाची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिच्यावरचा रस्ता लाटांसारखा होतो. निर्मात्याच्या मूळ तपशिलाहून गाडी वेगळी होईल असा बदल 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 ला मान्य नाही, हे तर निराळेच.