वर्षाकाठी पाव सेकंद उजेड

आधी एक गुणाकार करू. कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला ‘स्लॅक’ ही राष्ट्रीय प्रयोगशाळा आहे. तिथला ‘एलसीएलएस-२’ हा क्ष-किरणांचा लेसर सेकंदाला दहा लाख झोत सोडेल अशा बेताने बांधला आहे. एक झोत साधारण दहा फेमटोसेकंद टिकतो असं धरू. एकावर पंधरा शून्यं इतके सेकंदाचे तुकडे केले, तर त्यांतले दहा. हे यंत्र वर्षाचे ३६५ दिवस, रात्रंदिवस, एकदाही न थांबता पूर्ण वेगाने चाललं, तर वर्षभरात त्यातून बाहेर पडलेल्या सगळ्या उजेडाची बेरीज होते पाव सेकंदाहून थोडी जास्त. उरलेलं वर्ष अंधार.

या पाव सेकंदासाठी ११० कोटी डॉलर खर्च झाले, आणि तो खर्च वाया गेला असं कुणी म्हणत नाही. कारण आधीचं यंत्र, म्हणजे २००९ साली सुरू झालेलं पहिलं एलसीएलएस, सेकंदाला १२० झोतच सोडायचं. त्याच्या वर्षभराच्या उजेडाची बेरीज भरते ३८ मायक्रोसेकंद.

त्या दहा लाखांबद्दल जाता जाता एक सांगून टाकतो. हा आकडा माहितीपत्रकातला आहे. इलेक्ट्रॉन पळवणाऱ्या प्रवेगकाची लय सेकंदाला १३० कोटी आवर्तनांची, आणि दर १४०० आवर्तनांमागे इलेक्ट्रॉनांचा एक पुंजका सोडायचा. भागाकार केला की ९ लाख २९ हजारांच्या आसपास येतात. वरचे सत्तर हजार बोलण्याच्या सोयीसाठी. वर मी पाव सेकंद काढला तो मात्र खऱ्या आकड्यावरून.

दोन झोतांमध्ये अंतर असतं एक मायक्रोसेकंदाहून किंचित जास्त. तेवढ्या वेळात प्रकाश सव्वातीनशे मीटर पुढे गेलेला असतो. झोताची स्वतःची लांबी तीन मायक्रॉन. म्हणजे तीन मायक्रॉन जाडीचे प्रकाशाचे पापुद्रे, एकामागून एक, सव्वातीनशे मीटरच्या अंतराने धावताहेत.

हे सगळं जिथे चालतं ती इमारत तीन किलोमीटर लांब आणि सुतासारखी सरळ आहे. सॅन होजेहून सॅन फ्रान्सिस्कोकडे जाणारा २८० क्रमांकाचा फ्रीवे तिच्यावरून जातो, त्यामुळे बे एरियातल्या कितीतरी मराठी मंडळींनी नोकरीला जाता-येता ती खिडकीतून पाहिलेली असणार, ती काय आहे हे ठाऊक नसताना. खाली जमिनीत बोगदा आहे. १९६६ पासून तिथे तांब्याच्या नळीतून इलेक्ट्रॉन पळवले जात. प्रोटॉनच्या पोटात आणखी बारीक कण आहेत याचा पहिला पुरावा इथेच, साठच्या दशकाच्या अखेरीस मिळाला. क्लॉडिओ पेलेग्रिनी यांनी १९९२ मध्ये सुचवलं की या जुन्या प्रवेगकाचा शेवटचा एक किलोमीटर वापरून क्ष-किरणांचा लेसर करता येईल. ते प्रत्यक्षात यायला सतरा वर्षं लागली. एलसीएलएस-२ साठी मग पहिल्या किलोमीटरमधलं तांबं उपटून काढलं आणि त्या मोकळ्या जागेत नवं यंत्र बसवलं.

जुन्या यंत्राची मजल १२० वर का थांबली, हे पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या घरगुती विजेची वारंवारता ६० हर्ट्झ. १२० ही तिची दुप्पट. विजेच्या जाळ्याच्या तालावर बांधलेलं यंत्र. पण खरी अडचण तांब्याची. इलेक्ट्रॉनांना ढकलायला त्यात सूक्ष्मलहरी भरल्या की तांबं तापतं. म्हणून लहरींचा दणका काही मायक्रोसेकंदच द्यायचा, मग नळी निवू द्यायची, मग पुढचा दणका. सतत चालू ठेवलं तर काय होईल? नव्या यंत्रातल्या एक मीटर लांबीच्या कॅव्हिटीत, म्हणजे सूक्ष्मलहरी साठवणाऱ्या धातूच्या पोकळ नळीत, १ कोटी ६० लाख व्होल्टचा जोर उभा असतो. तशीच कॅव्हिटी तांब्याची केली आणि तो जोर सतत धरून ठेवला, तर तिच्या भिंतींत सुमारे आठ मेगावॉट उष्णता निर्माण होईल. एका मीटरमध्ये आठ मेगावॉट. नळी वितळून जाईल. नायोबियमच्या अतिवाहक कॅव्हिटीत त्याच कामाला लागतात नऊ वॉट, घरातल्या एलईडी बल्बाएवढे.

अशा २८० कॅव्हिटी, आठ-आठच्या गटाने बारा-बारा मीटरच्या डब्यांत बंद केलेल्या. शिवाय वेगळ्या वारंवारतेचे दोन डबे. एकूण ३७. डबे दोन ठिकाणी तयार झाले, शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये आणि व्हर्जिनियातल्या जेफरसन लॅबमध्ये. नऊ वॉटपर्यंत उतरण्याची किमया फर्मीलॅबमध्ये अ‍ॅना ग्रासेलिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडली. तिची कृती पाककृतीच्या पुस्तकात शोभावी इतकी थोडक्यात सांगता येते. कॅव्हिटी निर्वात भट्टीत ८०० अंशांना तापवायची, दोन मिनिटं अगदी विरळ नायट्रोजन सोडायचा, तो काढून घेऊन आणखी सहा मिनिटं तशीच तापत ठेवायची, मग आतला पाच मायक्रॉनचा थर विद्युत-रासायनिक पद्धतीने खरवडून टाकायचा. अतिवाहकाच्या विज्ञानात इतका फरक इतक्या छोट्या कृतीने पडलेला क्वचितच दिसतो.

हे डबे ट्रकमधून अमेरिका जवळपास आडवी पार करून कॅलिफोर्नियात आले. फर्मीलॅबहून निघालेल्या सुरुवातीच्या काही डब्यांत रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पातळ धातूचे बेलोज, म्हणजे घड्यांच्या लवचीक नळ्या, थकून चिरले आणि आतली निर्वात पोकळी गेली. डबे परत पाठवावे लागले, वाहतुकीची चौकट नव्याने आखावी लागली. विश्वाच्या सर्वांत शांत कोपऱ्यांशी स्पर्धा करणारं यंत्र हायवेवरच्या खडखडाटाने हैराण झालं.

शांत आणि थंडही. थंड किती, तर उणे २७१ अंश सेल्सिअस. दोन केल्विन. तारे-दीर्घिकांमधल्या रिकाम्या अवकाशाचं तापमान २.७ केल्विन आहे, तेही याच्यापुढे ऊबदारच. या थंडीत कॅव्हिटींभोवतीचा हेलियम द्रव तर असतोच, शिवाय त्याची स्निग्धता नाहीशी झालेली असते. पण थंडीची किंमत मोजावी लागते. दोन केल्विनवरची एक वॉट उष्णता खोलीच्या तापमानाला आणून टाकायची तर निसर्गनियमाप्रमाणे किमान दीडशे वॉट वीज लागते. प्रत्यक्षातली यंत्रं आदर्श नसतात, म्हणून त्याच्या कितीतरी पट. २८० कॅव्हिटी गुणिले नऊ वॉट, म्हणजे अडीच किलोवॉट उष्णता उपसायला स्लॅकने कारखान्याएवढे दोन शीतकरण संच उभारले. एप्रिल २०२२ मध्ये सगळा प्रवेगक दोन केल्विनला पोचला.

थंड झालं म्हणून काम संपत नाही. तिथून खरी डोकेदुखी सुरू होते. कॅव्हिटी १३० कोटी हर्ट्झला झंकारते, आणि तिचा सूर दहा हर्ट्झहून जास्त हलून चालत नाही. तेरा कोटीत एक. कॅव्हिटीची लांबी एक मायक्रॉन बदलली की सूर तीनशे हर्ट्झने ढळतो, म्हणजे दहा हर्ट्झची मुभा ही सुमारे तीस नॅनोमीटरची मुभा झाली. धातूच्या मीटरभर नळीने लांबीत शे-सव्वाशे अणूंपलीकडे हलायचं नाही, आणि तेही जवळपास पंप धडधडत असताना, नळ्यांतून हेलियम वाहत असताना. डब्यांच्या चाचण्यांत आढळलं की हेलियमच्या झडपांत उष्णतेने आपोआप आवाजासारखी कंपनं उठतात आणि कॅव्हिटी त्यांच्याबरोबर थरथरते. झडपांची रचना बदलावी लागली. उरलेली थरथर दाबविद्युत (पिझो) स्फटिकांनी क्षणोक्षणी सावरतात. पृथ्वीचं चुंबकक्षेत्रसुद्धा आत येऊ द्यायचं नाही, कारण थंड होताना ते धातूत अडकलं की नऊ वॉटचा हिशेब कोलमडतो. त्याला शंभरपट क्षीण करणारी आवरणं आहेत. प्रवेगक सुरू करणं म्हणजे बटण दाबणं अशी कल्पना असेल तर ती सोडून द्यावी. २८० कॅव्हिटींशी एकेक करून घासाघीस करणं, हे त्याचं खरं रूप.

या प्रवेगकातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनाची ऊर्जा चार अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट. या ऊर्जेला इलेक्ट्रॉन स्थिर असतानाच्या सुमारे ७८०० पट जड होतो, चार प्रोटॉनांहूनही जड. त्याचा वेग प्रकाशाच्या किती जवळ? प्रकाश सेकंदाला २९ कोटी ९७ लाख ९२ हजार ४५८ मीटर जातो. इलेक्ट्रॉन त्याहून कमी जातो, सेकंदाला फक्त अडीच मीटरने कमी. ताशी जेमतेम नऊ किलोमीटरचा फरक. प्रवेगकाच्या सातशे मीटरनंतर हे इलेक्ट्रॉन दोनेक किलोमीटर नुसते सरळ नळीतून जातात; तेवढ्या अंतरात प्रकाश त्यांच्या पुढे सरकतो सोळा मायक्रॉन.

मला विचाराल तर या यंत्रातला सर्वांत मोलाचा आकडा दहा लाख नव्हे, ही अडीच मीटरची पिछेहाट आहे. लेसर तिच्यावरच उभा आहे.

नेहमीच्या लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये पुन्हापुन्हा फिरवून वाढवतात. क्ष-किरणांना तसे आरसे चालत नाहीत, समोरासमोर आदळले तर ते आरशात शोषले जातात किंवा आरपार जातात. मग एकाच फेरीत काम उरकायला हवं. स्टॅनफर्डच्या जॉन मेडी यांनी १९७१ मध्ये मांडलेल्या कल्पनेत इलेक्ट्रॉनांना चुंबकांच्या लांबच लांब रांगेतून नेतात. उत्तर-दक्षिण, दक्षिण-उत्तर असे ध्रुव आलटून पालटून. या रांगेला अनड्युलेटर म्हणतात. मृदू, म्हणजे कमी ऊर्जेच्या, क्ष-किरणांसाठीच्या अनड्युलेटरमध्ये दर ३९ मिलिमीटरला इलेक्ट्रॉन एक हेलकावा घेतो आणि प्रकाश सोडतो. हेलकावे घेतल्याने त्याचा पुढे जाण्याचा वेग आणखी किंचित घटतो. चुंबकांमधली फट अशी जुळवतात की प्रत्येक हेलकाव्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या मागे बरोबर एका तरंगलांबीने पडावा. हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे क्ष-किरण हवे असतील तर ही तरंगलांबी सव्वा नॅनोमीटर. म्हणजे ३९ मिलिमीटर पुढे, सव्वा नॅनोमीटर मागे. मग प्रकाश आणि इलेक्ट्रॉन प्रत्येक हेलकाव्याला एकाच ठोक्यावर भेटतात. काही इलेक्ट्रॉन प्रकाशाला ऊर्जा देऊन मंदावतात, काही ऊर्जा घेऊन पुढे सरकतात, आणि मुळात विस्कळीत असलेला पुंजका सव्वा नॅनोमीटर अंतराच्या पातळ थरांत गोळा होऊ लागतो. थर झाले की इलेक्ट्रॉन एकसुरात प्रकाश सोडतात. शंभर इलेक्ट्रॉन सुटे चमकले तर प्रकाश शंभरपट. एकसुरात चमकले तर दहा हजारपट. शंभर पिकोकूलॉमच्या पुंजक्यात ६२ कोटी इलेक्ट्रॉन असतात. जास्त प्रकाशाने थर अधिक रेखीव होतात, रेखीव थरांनी प्रकाश अधिक वाढतो. अनड्युलेटरचे २१ भाग, प्रत्येक ३.४ मीटर, हेलकावे अठराशेहून जास्त. आणि त्या साऱ्या प्रवासात इलेक्ट्रॉन मागे पडतात सव्वादोन मायक्रॉन.

नव्या यंत्रातून पहिले क्ष-किरण सप्टेंबर २०२३ मध्ये निघाले. दहा लाखांच्या वेगाने नव्हे, तो टप्प्याटप्प्याने चढवायचा असतो. इतक्या शक्तीचा पुंजक्यांचा प्रवाह जरासा भरकटला तरी नळीला भोक पाडू शकतो.

मग हा वेग हवा कशाला? एक झोत नमुन्यावर पडतो आणि नमुना फुटतो. मात्र फुटायच्या आधी अणूंवरून विखुरलेला प्रकाश निघून गेलेला असतो. चित्र मिळतं, वस्तू जाते. म्हणून प्रत्येक झोताला नवा रेणू लागतो, आणि अंधूक चित्रं लाखोंनी साठवून एक स्पष्ट चित्र घडवावं लागतं. एक कोटी चित्रं जमवायला जुन्या यंत्राला तेवीस तास लागत. नव्याला पूर्ण वेगात अकरा सेकंद. अर्थात नमुन्याची बारीक धार तितक्या वेगाने पुढे सरकायला हवी. सेकंदाला शंभर मीटर वेगाची पाण्याची धार दोन झोतांमध्ये जाते एक दशांश मिलिमीटर, आणि तेवढ्यात आधीच्या स्फोटाची लाट विरलेली असायला हवी. माहितीचा लोंढा सेकंदाला एक टेराबाइटपर्यंत जाऊ शकतो. तो साठवणं शक्य नाही. काय फेकायचं हे संगणकाला जागच्या जागी ठरवावं लागतं. इतके पैसे ओतून मिळवलेल्या मोजमापांपैकी बहुतेक कुणीही न पाहता टाकून दिली जातात, याची मला गंमत वाटते.

चार अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्टला एक मर्यादा आहे. त्यातून मिळणारे क्ष-किरण पाच हजार इलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंतचे, तरंगलांबी अडीच अँगस्ट्रॉम, म्हणजे पाव नॅनोमीटर. प्रथिनांतला एकेक अणू सुटा दिसायला ती एक अँगस्ट्रॉमच्या आसपास लागते. म्हणून पुढचा टप्पा हाती घेतला आहे. आणखी २३ डबे जोडून ऊर्जा आठ अब्जांवर न्यायची. ऊर्जा दुप्पट झाली की इलेक्ट्रॉनाची पिछेहाट चौपट कमी होते, सेकंदाला अडीच मीटरवरून ६१ सेंटिमीटर. आणि त्याच अनड्युलेटरमध्ये तरंगलांबीही चौपट आखूड होते. नव्या डब्यांतल्या कॅव्हिटींना दर मीटरला १ कोटी ६० लाखांऐवजी २ कोटी ८ लाख व्होल्ट पेलायचे आहेत. उष्णता मात्र व्होल्टच्या वर्गाने वाढते, त्यामुळे तिथे नऊ वॉटचे पंधरा होतील, आणि ते सगळे दोन केल्विनवरून उपसावे लागतील.