पेटीखालचा चौथरा

यंदा आमची सातवीची सहल गोव्याला गेली होती. जुन्या गोव्यात बॉम जेझू नावाचे मोठे चर्च आहे. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव चांदीच्या पेटीत उंचावर ठेवले आहे. सगळे मान वर करून पेटीच बघत होते, आम्हीसुद्धा. तेवढ्यात गुरुजींनी विचारलं, "पेटी ज्याच्यावर आहे, तो चौथरा कोणी केला?" कोणालाच सांगता येईना. म्हणून हा लेख.

पेटी गोव्यातल्याच कारागिरांनी १६३७ च्या सुमारास घडवली. चौथरा मात्र लांबून, इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरातून आला. तो घडवणाऱ्याचे नाव जोव्हान्नी बात्तिस्ता फोज्जीनी. जन्म १६५२ चा. तिथला राजा कोझिमो तिसरा याने त्याला शिकायला रोमला पाठवले. परत आल्यावर तो राजाचा मुख्य शिल्पकार झाला. फ्लॉरेन्सच्या चर्चमध्ये त्याची संगमरवरी कामे आजही आहेत.

झेवियर संतांच्या डोक्याखालची उशी कोझिमोला भेट मिळाली होती. त्याची परतफेड म्हणून त्याने हा चौथरा करवून घेतला. रंगीत दगड कापून, घासून, एकमेकांना असे बसवायचे की सांधा दिसता कामा नये! त्यावर चार बाजूंना काशाचे चार पत्रे आहेत, त्यांत उठावाची चित्रे. एकात संत उपदेश करतात, एकात बाप्तिस्मा देतात, एकात मारायला आलेल्या लोकांपासून वाचतात आणि एकात चीनजवळच्या बेटावर मरण पावतात. ते १५५२ साली वारले.

अशी ओतकामाची जुनी रीत गुरुजींनी सांगितली. आधी मेणाचे चित्र करायचे, त्यावर मातीचा लेप द्यायचा, मग भाजायचे. मेण वितळून निघून जाते आणि आत पोकळी राहते. तीत तापलेला रस ओतायचा. निवला की माती फोडायची. रस कुठे कमी पडला तर मेहनत फुकट! आपल्याकडचे ओतारी मूर्ती अशाच ओततात, हे ऐकून आम्हाला फार बरं वाटलं.

मग सगळा चौथरा सुटा करून पेट्यांत भरला. तेव्हा सुएझचा कालवा नव्हता. जहाज आफ्रिकेला वळसा घालून यायचे. फोज्जीनी स्वतः आला नाही. प्लाचिदो रांपोनी नावाचा कारागीर एका जोडीदाराला घेऊन आला. एवढ्या लांब एखादा तुकडा फुटला असता तर नवा कुठून आणायचा? पण १६९८ साली त्यांनी चौथरा जोडून उभा केला.

फोज्जीनी १७२५ साली वारला. ज्याने घडवले, त्याने ते उभे राहिलेले कधी पाहिलेच नाही, याचे मला राहून राहून वाईट वाटते.

निघताना आम्ही पुन्हा आत जाऊन खालचा भाग नीट बघितला. पण मागच्या बाजूचे चित्र बघायचे राहिलेच. कोणाचे पालक गोव्याला जाणार असतील, त्यांनी ते कोणते आहे ते बघून यावे आणि आमच्या वर्गाला सांगावे.